राजूर घाटातली झोप

बुलढाण्याच्या स्टँडवर मलकापूर गाडी लागली तेव्हा सुवर्णाने जुन्या सवयीने खांद्यावरची ओढणी चाचपली आणि तिच्या लक्षात आलं, की खांद्यावर ओढणी नाही, धम्मरत्न आहे.

तीन वर्षांपूर्वी, कॉलेजच्या पासवर रोज मोताळा-बुलढाणा करताना, गाडीत जागा पकडण्यात तिचा हात कुणी धरू शकलं नसतं. गाडी थांबायच्या आधीच ओढणी खिडकीतून आत भिरकवायची आणि मग दारातली रेटारेटी संपेपर्यंत बाहेर निवांत उभं राहायचं. खिडकीतून आत पडलेल्या कापडाला सातबाऱ्याइतकी किंमत होती. मग लग्न झालं, प्रेमानंदची मोटरसायकल आली, बाळंतपण आलं, आणि एस.टी. सुटली ती सुटलीच. आज प्रेमानंदला प्रशिक्षणाला जावं लागलं, म्हणून तीन वर्षांनी ती पुन्हा त्याच खिडकीखाली उभी होती. पिशवीच्या तोंडाशी जे कापड हाताला लागलं ते तिने आत फेकलं. ते सीटवर पडल्यावर दिसलं, की तो रिक्षात बदललेला लंगोट होता.

ओढणी उचलून बाजूला ठेवणारे निर्लज्ज लोक पूर्वीही असत. लंगोट मात्र कुणी उचलला नाही. गाडी गच्च भरली, माणसं एकमेकांच्या पायांवर उभी राहिली, पण त्या सीटभोवती हातभर जागा मोकळी राहिली. सुवर्णा सगळ्यांच्या मागून चढली आणि एखाद्या मंत्रिणीसारखी जाऊन बसली. शेजारी लसणाची टोपली मांडीवर घेतलेल्या पुष्पाबाई होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "हुशार हायेस वं पोरी."

सुवर्णाला हुशार वगैरे काही वाटत नव्हतं. धम्मरत्न चौदा महिन्यांचा होता आणि त्यातले चौदा महिने तो जागा होता. पाळणा, झोळी, तेल, धुरी, सगळं करून झालं होतं. आता दाढा येत होत्या. सुवर्णा सकाळी साखरेच्या डब्यात मीठ ओतून आली होती आणि ते तिला गाडीत बसल्यावर आठवलं होतं. पण आज मोताळ्याला पोचणं भाग होतं. बाराला धाकट्या डिंपलला पाहायला पाहुणे यायचे होते.

डिंपल तशी घरात तोंडाचा पट्टा चालवणारी पोरगी. पण पाहुण्यांसमोर बसली, की तिच्या जिभेला कुलूप लागायचं. पहिल्या पाहुण्यांनी नाव विचारलं तर तिला ते आठवेना. दुसऱ्यांनी तर जाताना आईला बाजूला घेऊन, मुलगी बोलते ना, असं विचारलं होतं. त्यानंतर दोन्हीकडून निरोप आले नाहीत. काल फोनवर डिंपलने सांगितलं होतं, "ताई, तू बाजूले बसली तर मी जातो समोर. तू नाही आली तर मी मागच्या दारानं निंघून जाईन." सुवर्णाने बाळाची शपथ घेऊन शब्द दिला होता.

कंडक्टर फारुखभाई पुढून तिकिटं फाडत आला. म्हणजे फाडत नव्हता, हातातल्या यंत्रातून काढत होता. तेही तिच्या गैरहजेरीत बदललं होतं. आवाज मात्र जुन्याच कंडक्टरांसारखा होता, एका स्टँडवर ओरडला तर पुढच्या स्टँडवरचे लोक उभे राहतील असा.

"एक मोताळा," सुवर्णा म्हणाली.

"अर्धं देतो ताई. बायकांले आता अर्धंच हाय."

अर्धी झोप, अर्धा चहा, अर्धी विंचरलेली वेणी. तिकीट तेवढं तिला शोभेल असं मिळालं.

फारुखभाईने दोन घंट्या मारल्या आणि कचरूभाऊ ड्रायव्हरने गाडी हलवली. गाडी जुनी होती. तिच्या काचा, पत्रा, सीटांचे नट, सगळे आपापल्या सुरात खुळखुळत होते. त्या खुळखुळाटात धम्मरत्नने एकदा आईकडे पाहिलं, एकदा छताकडे पाहिलं, आणि स्टँडबाहेरच्या चौकापर्यंत जायच्या आत त्याने मान टाकली.

सुवर्णाला आधी खरंच वाटेना. तिने त्याच्या नाकाशी बोट धरून पाहिलं. चौदा महिने ती ज्याच्या शोधात होती, ते औषध महामंडळाच्या आगारात गंजत उभं होतं. तिच्याही पापण्या जड झाल्या.

गावाच्या टोकाला कुणीतरी हात दाखवला. फारुखभाईने एक घंटी मारली, गाडी थांबली, आणि धम्मरत्न जागा झाला.

तो रडला म्हणणं फार सौम्य झालं असतं. त्या आवाजाने काचा खुळखुळल्या असत्या, पण त्या आधीच खुळखुळत होत्या. पुढच्या सीटवरच्या माणसाच्या हातातला मोबाईल पडला. पुष्पाबाईंच्या टोपलीतून लसणाचे दोन गड्डे उडाले. प्रवासी चढला, गाडी निघाली, आणि दहाव्या खुळखुळाटाला पोरगं पुन्हा गाढ झोपलं. लोकांनी सुस्कारा टाकला. पुढच्या फाट्यावर पुन्हा एक घंटी, पुन्हा तेच. त्याच्यापुढे एक म्हैस आडवी आली, तिथेही तेच.

आता गाडीत चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं पोट दुखत असेल, कुणी म्हणालं नजर लागली. मागच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी, आमच्या वेळी लेकरं अशी रडत नव्हती, असं मत मांडलं. पुष्पाबाईंनी मागे वळून त्यांना, तुमच्या वेळी लेकरं तुमी सांभायत होते का तुमची बायको, असं विचारल्यावर ते खिडकीबाहेर पाहू लागले. मग पुष्पाबाईंनी निदान केलं.

"कंडक्टर, याले गाडी चालू पाह्यजे. थांबवू नको बा."

"मावशी, हे एस.टी. हाय. घरची बैलगाडी नाही."

"मंग थांबव अन् तूच घे त्याले."

फारुखभाईने धम्मरत्नच्या उघड्या तोंडात एकदा डोकावून पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरला. तेवढ्यात केबिनमधून कचरूभाऊचा आवाज आला. त्याच्या निवृत्तीला सात महिने उरले होते, आणि त्याला ते शांततेत काढायचे होते.

"फारुख, ऐक. मी आता मोताळ्याशिवाय ब्रेकवर पाय ठेवत नाही. काय करायचं ते तू कर."

त्यानंतर त्या गाडीत जे झालं ते एस.टी.च्या कुठल्या नियमात बसणारं नव्हतं. फारुखभाईने घंटीची दोरी गुंडाळून वर खोचली आणि मागून हात हलवून, आरशातून खुणा करायला सुरुवात केली. तिकिटाचं यंत्र पीं पीं करतं म्हणून त्याने ते काखेत दाबलं. लोक मोबाईलचा आवाज बंद करू लागले. ज्याच्या आवाजाने स्टँडवरची कबुतरं उडायची, तो माणूस एकेकाच्या कानाशी जाऊन "तिकीट?" असं गुपित विचारल्यासारखं विचारू लागला.

घाट लागला तशी गाडी डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, आणि तिच्याबरोबर सगळे एकसाथ झुकू लागले. कुणी तरी मोठा पाळणा हलवत होतं आणि त्यात पन्नास माणसं पडली होती. सुवर्णाचे डोळे मिटायला लागले. नको, मोताळा जवळच आहे, असं ती स्वतःला सांगत होती. प्रत्येक वळणाला तिचा हा आवाज थोडा लांब जात होता.

घाटाखाली राजूरला उतरणारे दोन गुरुजी होते. त्यांना फारुखभाईने दारात नेऊन, हळू झालेल्या गाडीतून, एकेकाचं बखोट धरून अलगद खाली सोडलं. थोरल्या गुरुजींची एक चप्पल गाडीतच राहिली. ती मागून खिडकीतून फेकण्यात आली.

स्टॉपवर तीन माणसं उभी होती. पांढऱ्या शर्टाच्या खिशाला पेन लावलेला एक ताठ म्हातारा, पेढ्यांचा खोका धरलेली त्याची बायको आणि नव्या शर्टातला एक तरुण. म्हाताऱ्याने रस्त्यात एक पाऊल पुढे येऊन, हात सरळ आडवा धरून गाडी रोखली. म्हणजे रोखायचा प्रयत्न केला. गाडी हळू झाली, पण थांबली नाही. फारुखभाई दारातून अर्धा बाहेर लोंबकळत, ओरडायचं आणि कुजबुजायचं दोन्ही एकाच वेळी करत म्हणाला, "काका, मांगची गाडी पकडा. लेकरू झोपलं हाय."

सुवर्णाने अर्धवट डोळ्यांनी ते तिघं मागे सरकताना पाहिले. आपल्यापायी कुणीतरी राहिलं, असं तिला वाटलं. मनात तिने त्यांची माफीही मागायला घेतली. ती माफी पुरी व्हायच्या आत तिची मान पुष्पाबाईंच्या खांद्यावर पडली.

ती जागी झाली ती मेंढ्यांच्या आवाजाने. रस्ताभर मेंढ्या होत्या, गाडी उभी होती, आणि फारुखभाई खाली उतरून मेंढपाळाला लेकराचं कारण समजावून सांगत होता. मेंढपाळ ऐकत होता, मेंढ्या ऐकत नव्हत्या. धम्मरत्नने तोंड उघडलं. सुवर्णाने त्याला थोपटत आजूबाजूला पाहिलं. शेजारची सीट रिकामी होती. तिच्या अंगावर एक जुनी शाल होती आणि तिला लसणाचा वास येत होता.

"मोताळा आलं का?" तिने विचारलं.

गाडीतले लोक एकमेकांकडे पाहू लागले. फारुखभाई पायरीवर आला.

"मोताळा गेलं, ताई."

मग तुकड्यातुकड्याने हकीकत कळली. मोताळा स्टँडवर कचरूभाऊने गाडी थांबवली नव्हती, सगळे उतरेपर्यंत ती आवारात गोल गोल फिरवली होती. त्या फेऱ्यांमध्ये सुवर्णाला उठवायचं की नाही यावर बैठक झाली. मायले हात लावला तर लेकरू उठते, असं एकाचं म्हणणं. तिकीट मोताळ्याचं हाय, असं फारुखभाईचं म्हणणं. निकाल पुष्पाबाईंनी दिला होता. त्या उतरता उतरता अंगावरची शाल हिच्यावर टाकून म्हणाल्या होत्या, "तिच्या डोयाखाली पाह्य जरा. उठवायची हिंमत होते का तुही?"

"माही नाही झाली," फारुखभाई म्हणाला. "पुढचं तिकीट घेऊ नका. माह्याकडून."

सुवर्णाला चिडायला हवं होतं. चिडण्यासाठी तिने श्वासही घेतला. पण आत शोधून पाहिलं तर राग कुठे सापडेना. डोळे चुरचुरत नव्हते, डोकं हलकं होतं, अंगात कुणी तरी नवीन बाई येऊन बसल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात तिने मोबाईल पाहिला. लेकरासाठी आवाज बंद केलेला. आईचे अकरा फोन, डिंपलचे चौदा. पावणेबारा वाजले होते.

ती तिथेच उतरली. फाट्यावर मोताळ्याकडे तोंड केलेली एक काळीपिवळी जीप उभी होती. काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे, आणि हिच्यात चारच माणसं होती. चालक आसिफ बोनेटला टेकून तंबाखू मळत होता. सुवर्णाने आईला फोन लावला तर बॅटरीने तेवढ्यातच जीव सोडला. गाडी उभी, ऊन उभं, आणि धम्मरत्नचा सूर लागलेला. पाऊण तास आसिफने कळ काढली. मग त्याने तंबाखू थुंकली, रिकाम्या सीटांकडे शेवटचं पाहिलं आणि किल्ली फिरवली. "बसा. असं पह्यल्यांदाच जाऊन राह्यलो," तो म्हणाला. गाडी हलली तसा धम्मरत्न झोपला.

घर गाठलं तेव्हा पाऊण वाजून गेला होता. गल्लीच्या तोंडापासून ती पळत आली. सगळं संपलं असणार, पाहुणे पोहे खाऊन निरोप घेऊन गेले असणार, डिंपल मागच्या दाराने निघून गेली असणार. आई, बेबीताई, दारातच उभी होती. अंगणवाडीत मदतनीस म्हणून वीस वर्षं काढलेली ती बाई कुणावर ओरडायची नाही. नुसती कमरेवर हात ठेवायची. आता दोन्ही हात कमरेवर होते.

"कुठं होती वं?"

"पाहुणे गेले?"

"आलेच कुठं? त्यायची गाडी हुकली." बेबीताईंनी हात खाली घेतले. "मुलाचे वडील रिटायर कंडक्टर. एस.टी. सोडून दुसऱ्या गाडीत पाय ठेवत नाही म्हणते. मांगच्या गाडीनं येऊन राह्यले. राजूरहून."

"राजूरहून?" सुवर्णाने विचारलं.

आतून डिंपल येऊन बहिणीच्या गळ्यात पडली. ती काय बोलत होती ते सुवर्णाला ऐकू येत नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर आडवा धरलेला एक हात आणि पेढ्यांचा खोका मागे मागे सरकत होता.

एक वाजता पाहुणे आले. तेच तिघं. मुलाच्या वडिलांनी, शेषरावांनी, सगळ्यांना जय भीम केला, पण ते खुर्चीवर टेकले नाहीत. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून त्यांनी आधी तो वाचून दाखवला. गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण, सगळं मुद्देसूद लिहिलं होतं. उद्या सकाळी तो कागद आगारात जाणार होता.

"बत्तीस वर्षं नोकरी केली," ते म्हणाले. "पुरात केली, दंगलीत केली. एक पॅसेंजर रस्त्यावर सोडला नाही. आज मलेच सोडलं. अन् कंडक्टर काय म्हणते? लेकरू झोपलं हाय."

"कोणत्या राजाचं लेकरू असंल बाप्पा," त्यांची बायको भीमाबाई खोका खाली ठेवत म्हणाल्या.

मुलगा, जीवन, छताकडे पाहत बसला. तो बहुधा हे राजूरपासून ऐकत आला होता.

सुवर्णा कोपऱ्यात उभी होती. गप्प राहिलं तर फारुखभाईचं नाव उद्या आगारात जाईल. बोललं तर डिंपलचं हे तिसरं स्थळही उठून जाईल. आणि तिच्या कडेवर राजाचं लेकरू, घर हलत नाही हे ध्यानात येऊन, हळूहळू डोळे उघडत होतं.

धम्मरत्नने दम घेतला आणि सुरुवात केली.

शेषरावांचं वाक्य अर्धं राहिलं. बेबीताई लगबगीने पुढे झाल्या, पण म्हाताऱ्याने हाताने त्यांना थांबवलं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि रडणाऱ्या तोंडाकडे पाहिलं. मग सुवर्णाकडे पाहिलं, तिच्या अर्ध्या वेणीकडे, उलट्या घातलेल्या स्वेटरकडे.

"किती दिवसांपासून असं?"

"चौदा महिने," सुवर्णा म्हणाली.

"आण इकडं."

ते खुर्चीवर बसले, लेकराला मांडीवर आडवं घेतलं आणि दोन्ही गुडघे हलवायला लागले. साधे नाही, एक गुडघा थोडा आधी, दुसरा थोडा मागून, खड्ड्यातून चाक गेल्यासारखे. मग गळ्यातून बारीक घरघर सुरू झाली. चढ लागला तशी ती वाढली, गिअर बदलल्यावर उतरली. मधूनच जिभेने दोन घंट्या वाजल्या. "चला, राजूर घाट... धरून बसा..."

"ह्या जीवनचंही असंच होतं," भीमाबाई सुवर्णाला सांगत होत्या. "दोन वर्षांचा होईपर्यंत हे याले ड्यूटीवर घेऊन जाये. मी तवा घरी झोपो."

जीवनचे कान लाल झाले. धम्मरत्न दुसऱ्याच वळणाला झोपला होता.

शेषरावांनी गुडघे थांबवले नाहीत. त्यांनी मान वर न करता, हलक्या आवाजात विचारलं, "बाई, तू कोणत्या गाडीनं आली?"

बेबीताईंनी सुवर्णाकडे पाहिलं. सुवर्णाने त्यांच्या मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं. खोटं बोलायला डोकं ताजं लागतं, आणि तासाभराच्या झोपेत तेवढं काही ते ताजं झालेलं नव्हतं.

"त्याच," ती म्हणाली. "कंडक्टरची काही चूक नाही. माझ्यापायी झालं ते."

शेषरावांनी तोंड उघडलं. बत्तीस वर्षांची नोकरी त्यांच्या चेहऱ्यावर चढताना दिसत होती. नेमक्या त्याच वेळी मदतीला आलेल्या काकूंपैकी कुणीतरी स्वयंपाकघरातून मोठ्याने विचारलं, की डिंपलला आणायचं का. म्हाताऱ्याचं बोट झटकन ओठांवर गेलं.

"हळू," ते म्हणाले. "लेकरू झोपलं हाय."

म्हणून झाल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं. भीमाबाईंनी तोंडाला पदर लावला. शेषरावांनी कुणाकडेच पाहिलं नाही.

डिंपल चहा घेऊन आली ती चवड्यांवर. कपबश्यांचा आवाज होऊ नये म्हणून तिने तीन कप एकदम बोटांत धरले होते. या वेळी कुणी नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही, भाकरी गोल येते का हे विचारलं नाही. विचारणार कसं? जीवनने खुर्ची जवळ ओढली, तीही उचलून, आणि काहीतरी कुजबुजला. डिंपल कुजबुजली. तो पुन्हा कुजबुजला. मग डिंपल बराच वेळ कुजबुजत राहिली. पाहुण्यांसमोर मोठ्याने बोलायचं म्हटलं की तिच्या जिभेला जे कुलूप लागायचं, त्याची किल्ली इतकी साधी होती हे घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. एकदा जीवनला हसू आवरेना, तेव्हा त्याने रुमाल तोंडात धरला.

"काय म्हणते ते?" बेबीताईंनी खुणेने विचारलं. भीमाबाईंनी खुणेनेच, असू द्या, असं सांगितलं आणि पेढ्यांच्या खोक्याची दोरी सोडली.

लेकराच्या तोंडावर एक माशी घोंगावत होती. शेषरावांनी इकडेतिकडे पाहिलं, मांडीवरचा चार घड्यांचा कागद उचलला, आणि गाडीच्या नंबरासकट त्याने वारा घालायला लागले.

पेढा द्यायला म्हणून बेबीताई मोठ्या लेकीकडे वळल्या. डिंपलच्या बाजूला बसायला आलेली सुवर्णा कोपऱ्यात भिंतीला टेकून, अंगावर लसणाच्या वासाची शाल घेऊन, तोंड किंचित उघडं ठेवून झोपली होती. बेबीताईंनी तिच्या खांद्याकडे हात नेला.

"राहू द्या," शेषराव गुडघे हलवत म्हणाले. "मलकापूर आलं का उठवू तिले."